दारातला एडका

आप्पा, तुम्ही गेल्यापासून मला एकच स्वप्न पडायचं. काळा एडका दारावर धडका देतोय आणि मी आतून कडी धरून उभी. जाग आली की दिवसभर वाटत राहायचं, आता काहीतरी वाईट होणार. शिरूरच्या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते, तरी हे कुणाला सांगायचा धीर झाला नव्हता.

गेल्या रविवारी कारेगावात कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या बायकांपुढे स्वप्नांविषयी बोलायला गेले. म्हटलं, फार पूर्वी इजिप्तकडं नॉस्टिक नावाचे लोक होते. ते म्हणत, माणसात उजेडाची एक ठिणगी आहे, पण ती आपलं घर विसरून झोपलीय. नुसत्या श्रद्धेनं ती जागी होत नाही, स्वतःला आतून ओळखावं लागतं. आणि मनाचा तळ शोधणारे अलीकडचे डॉक्टर म्हणतात, आपण आत कोंडलेलं स्वप्नात येतं. त्याला ओळखलं की माणूस पुरा होतो. हे सांगताना दौंडकडचा आपला मळा डोळ्यांपुढं आला. संध्याकाळ झालीय, मेंढ्या परतल्यात, जाळीतून सोडलेली कोकरं आया शोधतायत, एकच कालवा. लहानग्या मी मोठ्या हुशारीनं आई-लेकरांना एकेका रंगाच्या रिबिनी बांधल्यात आणि रंगच चुकलाय. मेंढी परक्या कोकराला ढुशी देते. तुम्ही पोट धरून हसताय. "आगं बये, तिला रिबिनीचं काय? ती हुंगती आन् वळखती!"

तेही बायकांना सांगितलं आणि त्यांना कसली स्वप्नं पडतात, ते विचारलं. पुढं बसलेली मावशी म्हणाली, "ताई, आमची सपनं इचारता, तुमाला काय पडतं?"

मी सांगून टाकलं.

"मग दार उघडलं का न्हाई?"

"नाही."

"आगं बया! पाव्हणा दारात आन् मास्तरीण कडी धरून! हुंगून तरी बघायचं!"

सगळ्या खिदळल्या. इतक्या वर्षांची माझी भीती, आणि तिच्यावर मीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

काल पहाटे तो आला. या वेळी मी कडी काढली. तो आत आला, माझा तळवा हुंगला आणि टेबलावरची भाषणाची टिपणं निवांत चघळू लागला. मी हसतच जागी झाले. तो कोण, हे अजून सांगता येत नाही. परका मात्र नव्हता.

हे पत्र टपालात टाकायचं नाहीच, म्हणून कबूल करते: आज दुपारी, झोप येत नसताना, मुद्दाम आडवी झाले. दाराला कडीसुद्धा लावली नाही.