नवी प्लेट रुळेपर्यंत

ॲथलोन, केप टाउन
१२ ऑगस्ट २००७

प्रिय बूता फाईक,

अस्सलामु अलैकुम. तू, मर्ल आणि मुली मजेत असाल. आम्ही बरे आहोत. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, मागच्या अंगणात शेडखाली पाणी साचलंय, आणि तुझी भावजय नवाल रविवारी पाकातले गोड कूसिस्टर तळते, ते आता दोन गल्ल्यांपलीकडून माणसं येऊन घेऊन जातात. पप्पांचा चाळिसावा दिवस नीट पार पडला. मशिदीतली सगळी मंडळी आली होती. बसडेपोतले त्यांचे जुने सोबतीही आले, जे अजून चालू-फिरू शकतात ते. तुझं नाव सगळ्यांनी काढलं. "तुझा बूता, थोरला, मातीलाही नाही आला?" मी म्हटलं, ऑस्ट्रेलियातलं पर्थ काय शेजारचं वायनबर्ग आहे होय? आणि आपल्यात त्याच दिवशी माती देतात, तो पोचणार कसा?

तू फोनवर विचारलं होतंस, "पप्पा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का?" मी म्हटलं, नाही रे, शेवटी शेवटी ते फारसं बोलतच नव्हते. त्यावर तू "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. तेव्हापासून हे पत्र लिहायचं म्हणतोय. आधी तुला गाडीचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

माझी निळी तुला फोटोत दाखवली होती. उन्हाळ्यात तिला मोठा टर्बो बसवला. इंजिन असं जोर धरायला लागलं की दुकानात माझ्याबरोबर काम करणारा मुनीब बाजूच्या सीटवर कलमा म्हणायचा. पण तिसऱ्या गिअरात पूर्ण पाय दिला की काटा वर पळायचा आणि गाडी तिथेच. जळका वास यायचा. मूळची क्लच प्लेट बिचारी साध्या इंजिनासाठी केलेली, ती हा जोर चाकांपर्यंत पोचवेना, नुसती घसरायची.

मुनीब म्हणाला, "शर्यतीची घाल. ती धातूच्या चकत्यांची. पकडली की सुटायचं नाव नाही."

"आणि सिग्नलला?"

"सिग्नलला उडी मारेल. मारू दे की! तू काय त्यात आजीला बाजारात नेणार आहेस?"

आजीला नाही, पण पप्पांना न्यायचं होतं. त्यांच्या कमरेचं तुला ठाऊक आहे. त्या धक्क्यांनी त्यांचं हाड न् हाड खिळखिळं झालं असतं. म्हणून मी दुसरा सेट घेतला. प्लेट नेहमीसारखीच मऊ धरणारी, पण तिला दाबून ठेवणारी वरची प्रेशर प्लेट बरीच कडक. पेडल जड होतं, पण गाडी लोण्यासारखी निघते. मुनीब अजून त्याला म्हाताऱ्यांचा क्लच म्हणतो.

गिअरबॉक्स खाली उतरवला त्या दिवशी पप्पांना खुर्ची टाकून शेडमध्येच बसवलं होतं. त्यांचं डोकं तेव्हा कधी जागेवर असायचं, कधी तीस वर्षं मागे. पण क्लच म्हटल्यावर स्वारी एकदम जागेवर! मी नवी प्लेट खोक्यातून काढतोय तर म्हणाले, "तेलकट हात लावशील तर बघ." मग स्वतःचे हात रुमालाला पुसले, प्लेट मांडीवर घेतली, आणि तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. फ्लायव्हील मी घासून आणला होता, बेअरिंगही नवीन. प्लेट मधोमध धरली, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेलो. गिअरबॉक्स पहिल्या झटक्यात आत बसला तेव्हा पप्पा म्हणाले, "डेपोत याला चौघं लागायची आणि आठ शिव्या."

किती दिवसांनी हसले होते ते.

नवी प्लेट लगेच ताणायची नसते. हजारभर किलोमीटर गावात, हळूहळू, गिअर बदलत चालवायची, तेव्हा ती रुळते. हायवेवर एकाच गिअरात पळवून काही उपयोग नाही. म्हणून रोज दुपारी मी दुकान मुनीबवर टाकायचो, पप्पांना कोट घालायचो, आणि आम्ही निघायचो. क्लिपफाँटेन रोड, वायनबर्ग, म्यूझनबर्ग, परत. त्यांच्या बसचाच रस्ता म्हण ना. ते स्टॉपमागून स्टॉप नावं घ्यायचे आणि मला झापायचे. "पाय काढ क्लचवरून! सासऱ्याच्या ओट्यावर ठेवलाय का?"

पहिल्या की दुसऱ्या दिवशी म्यूझनबर्गच्या चढावर मी जरासा पाय दिला आणि टर्बोची शीळ ऐकू आली. पप्पांनी डॅशबोर्ड घट्ट धरला.

"हळू, फाईक."

मला वाटलं, जीभ घसरली. म्हटलं, "पप्पा, मी इगसान."

"इगसान घरी आहे. तो शहाणा आहे, त्याची मला काळजी नाही. तू हळू चालव."

बूता, ती शीळ हुबेहूब तुझ्या पांढऱ्या गाडीची होती. मला ते आधी लक्षातच आलं नव्हतं.

त्यानंतर गाडीत बसलो की मी फाईक. उतरलो की पुन्हा इगसान. कधी तर नुसताच "अरे". मी आणखी एकदोनदा सांगून पाहिलं. ते घाबरायचे, दाराची कडी चाचपायचे, विचारायचे, मग फाईक कुठाय? म्हणून सांगणं सोडून दिलं.

आणि ते बोलायला लागले. आपले पप्पा, बूता, जे जेवणाच्या टेबलावर मीठ मागायचं तरी बोटाने मागायचे. लाल सिग्नलला उभे असताना, समोर बघत, ते मला, म्हणजे तुला, सगळं सांगायचे. त्यांचे शब्द आठवतील तसे देतो. स्वतःचं काही घालत नाही.

"रशादची मय्यत मी धुतली होती. त्याच्या बापाच्याने होईना, म्हणून मी पुढे झालो. ते पोर तुझ्याच वयाचं. तुझ्याच गाडीसारख्या गाडीत गेलं. अंगावर पाणी घालताना मला तूच दिसत होतास."

समोरचा सिग्नल अजून लालच होता.

"घरी आलो आणि भंगारवाल्याला बोलावलं. तू कामावर होतास. चावी तुझ्या उशीखाली होती. त्याला म्हटलं, ने, आत्ताच्या आत्ता ने. तीन वर्षं तू ती जोडत होतास, नाही?"

"हो, पप्पा."

"तू आलास, रिकामी जागा बघितलीस. काही बोलला नाहीस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. मी वाट बघत होतो, तू ओरडशील, मग मी सांगेन. तू कपडे भरलेस."

मागून कुणीतरी हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता. मी गाडी काढली, तर ते म्हणाले, "मी चुकलो रे, पोरा. तुला विचारायला हवं होतं. तुझा राग गेला का?"

आता जे लिहितोय ते लिहिण्यासाठी इतकी पानं घालवली. मी म्हटलं, "गेला, पप्पा. कधीच गेला."

"मग घरी येशील?"

"येईन."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. घरी येईपर्यंत काढला नाही. आड आलेल्या त्या हाताखालूनच मी कसेबसे गिअर बदलत राहिलो. उतरल्यावर त्यांनी नवालला सांगितलं, "फाईक येणार आहे, त्याची खोली आवर." तिने माझ्याकडे बघितलं. त्या संध्याकाळी तिने खरंच चादर बदलली.

त्याच संध्याकाळी तुला फोन करायला हवा होता. हातात रिसीव्हर घेतलाही. काय सांगणार होतो? की चौदा वर्षांनी बापाने तुझी माफी मागितली, आणि ती मी तुझ्या वतीने देऊनही टाकली? तुला द्यायची होती की नाही ते मला कुठे माहीत होतं! आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. बाप आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शेजारी बसून बोलत होता. मला माहीत होतं ते माझ्याशी नाही. तरी मला ते आणखी थोडे दिवस हवं होतं. म्हटलं, प्लेट रुळू दे, मग करू. प्लेट रुळली. मग म्हटलं, ईदला करू.

मुनीब मला किलार्नीच्या शर्यतीच्या पट्टीवर घेऊन गेला. पूर्ण पाय दिला. क्लचने असं धरलं की डोकं मागे आपटलं. चौथ्या गिअरातही घसरण नाही. मुनीब नाचत होता. मला मात्र कधी एकदा घरी जाऊन पप्पांना कोट घालतो असं झालं होतं.

त्यांनी रोज तेच विचारलं. राग गेला का, येशील का. मी रोज हो म्हटलं. शेवटच्या आठवड्यात त्यांना उठवेना, तेव्हा ते दाराकडे बघत पडून असायचे. मी खाटेजवळ बसलेला असायचो, पण मी तिथे इगसान होतो. इगसानकडे विचारण्यासारखं त्यांचं काही नव्हतं. एकदा वाटलं, गाडी खिडकीखाली आणून सुरू ठेवावी, म्हणजे तिच्या आवाजाने मी पुन्हा फाईक होईन. नाही केली. का नाही केली, सांगता येत नाही. करायला हवी होती.

तर हे तुझं होतं, ते तुला दिलं. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणालो, ते खोटं होतं. ते तुझ्याबद्दलच बोलत होते, दुसऱ्या कशाबद्दलही नाही. त्यांना तू माफ केलं नसशील तर तोही तुझा हक्क आहे. मी मधे बोललो त्याचा राग माझ्यावर काढ. आणि "येईन" म्हणालो ते पाळायचं की नाही, तेही तूच ठरव. कबरीवर अजून दगड बसवलेला नाही.

फोन करू नकोस, बूता. फोनवर आपण दोघंही "बरं" म्हणतो आणि ठेवून देतो. लिही. रागाचं लिही, शिव्या लिही, काहीही. फक्त वर, पहिल्या ओळीत, माझं नाव घाल.

तुझा धाकटा भाऊ,
इगसान