न केलेल्या फेऱ्यांच्या सह्या

आबा, मी नेमकी कसली नोकरी करते ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. तुम्ही लोकांना सांगायचात, "पोरगी सरकारात हाय, मुंबईला," आणि मी लागून वर्ष होतंय तोवर तुम्ही गेलात. मी अणुवीज केंद्रं तपासते. साखर कारखान्यातल्या तुमच्या बॉयलरसारखीच तिथेही पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर वीज. फक्त खाली बगॅस, उसाचा चोथा, जळत नाही, आणि केंद्र बंद केलं तरी आतली धग दिवसच्या दिवस राहते. म्हणून पाणी फिरवणारे पंप थांबून चालत नाही. यंत्रं बघणारे लोक वेगळे आहेत. मी माणसं बघते. जे लिहिलंय ते खरंच केलंय का, खालच्याला काही चुकलेलं दिसलं तर तो वरच्याला सांगू शकतो का, आणि सांगितल्यावर त्याचं काय होतं.

यातलं पहिलं मी तुमच्याकडून मार खाऊन शिकले. सांगलीला डिप्लोमा करत होते आणि हंगामात तुमच्याच कारखान्यात शिकाऊ म्हणून होते. पलूसच्या अलीकडचा तो लहानसा कारखाना आता बंद आहे. बॉयलरच्या पाण्याची पातळी दर तासाला काचेत बघून वहीत लिहायची होती. मी चहा पीत बसून पुढच्या दोन तासांचे आकडे आधीच भरून टाकले. तुम्ही मागून येऊन वही बघता आणि असा हात ठेवून देता की मी स्टुलावरून खाली कोसळते. कानातून रक्त आलं. सगळा बॉयलर हाऊस बघत होता. "बगून लिव," तुम्ही म्हणालात. "न बगता लिवायचं आसंल तर घरी बस." त्या डाव्या कानानं मला पुन्हा नीट ऐकू आलं नाही. आईनं चार दिवस तुमच्याशी अबोला धरला. मी तुम्हाला माफ केलं होतं असं म्हणणार नाही, पण तुमचं म्हणणं खरं होतं हे मला तेव्हाही कळलं होतं.

या वर्षी एका केंद्रात गेले होते. तिथे तळमजल्यावर एक राखीव पंप आहे. मुख्य पंप गेले तर तो धावायचा. प्रत्येक पाळीत एकानं त्या खोलीत जायचं, पंपाचं तेल बघायचं आणि सही करायची. सह्या सगळ्या होत्या. एक ऑपरेटर कॅन्टीनमध्ये माझं बोलणं ऐकून जवळ आला. "मॅडम, तुमी पलूसकडच्या का? मी साताऱ्याकडचा, रहिमतपूरचा." हात धुता धुता हळूच म्हणाला, "त्या खोलीत कोन जात न्हाई, मॅडम. दाराची नोंद काढा." मी काढली. ते दार कार्डाशिवाय उघडत नाही आणि उघडलं की वेळ नोंदली जाते. कित्येक आठवडे ते उघडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत पाळीचा इन्चार्ज हसला. म्हणाला, दाराची यंत्रणाच बिघडलीय, मॅडम, तुम्हाला आमच्या पोरांवर विश्वास नाही का? त्या हसण्यानं माझं डोकं सणकलं. टेबलावर हात आपटून मी म्हणाले, "तुमच्याच माणसानं सांगितलंय मला. साताऱ्याकडच्या." त्या पाळीत साताऱ्याकडचा एकच होता. शब्द तोंडातून गेला तो गेलाच.

दुपारी पाळी सुटल्यावर कपडे बदलायच्या खोलीत चौघांनी त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि पान्यांनी मारलं. जबडा मोडला, दोन बरगड्या मोडल्या, एक डोळा सुजून मिटला. पडल्यावरही लाथा घालत होते. रक्त ड्रेनपर्यंत गेलं होतं, असं तिथल्या सफाईवाल्या बाईनं मला सांगितलं. नातेवाइकांनी त्याला साताऱ्याला आणलं.

मी दवाखान्यात गेले. दारातच त्याची बायको उभी होती.

"तुमीच का त्या तपासायला आल्याल्या बाई?"

"हो."

तिनं माझा दंड असा धरला की नखं रुतली, आणि भिंतीवर ढकललं. "नाव कशाला सांगितलं वो त्येंचं? त्येंनी तुमास्नी आपलं मानून सांगितलं, आन तुमी चारचौघांत सांगितलं? लाज न्हाई वाटली?" तिनं दुसऱ्यांदा ढकललं तेव्हा मी हात वर केला नाही. नर्सनं तिला धरून बाजूला नेलं.

आत हवालदार जबाब घेत होता. तारेनं बांधलेल्या जबड्यातून ऑपरेटर एवढंच म्हणाला, "पडलो. जिन्यावरनं."

आबा, तिथे मला तुमचा हात दिसला. कारखान्यातल्या इन्चार्जनं दाब वाढला की वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह तारेनं बांधून ठेवला, सारखा उडतो आणि गाळप थांबतं म्हणून, तेव्हा तुम्ही वहीत लिहिलंत: व्हॉल्व्ह बांधलेला आहे, सांगूनही काढलेला नाही. त्यानं पान फाडलं. तुम्ही दुसऱ्या पानावर पुन्हा लिहिलंत. दोन दिवसांनी उसाच्या रस्त्यावर त्याच्या माणसांनी तुमची सायकल आडवी पाडून उजवा हात दगडावर ठेवून गजानं ठेचला. आठवड्यात बॉयलरची ट्यूब फुटली. फायरमनच्या अंगाची कातडी शर्टाबरोबर निघाली आणि तो संध्याकाळपर्यंत ओरडत राहून मेला. मग चौकशीला बाहेरून साहेब आले. त्यांनी इन्चार्जच्या केबिनमध्ये, इन्चार्जला शेजारी बसवून तुम्हाला विचारलं, हाताला काय झालं? तुम्ही म्हणालात, "सायकलवरनं पडलो."

त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही डाव्या हातानं भाकरी मोडायची खटपट करत होतात आणि मी तुमच्यासमोर तांब्या आपटला. "मला मारलंत, आणि स्वतः खोटं बोललात? तो माणूस मेला, आबा!" तुम्ही ताट सरकवून उठलात. "तुला न्हाई कळायचं," इतकंच म्हणालात. पुढची कितीतरी वर्षं मी तुम्हाला भित्रे समजत राहिले. साहेबानं कुणासमोर विचारलं, याचा विचार मी एकदाही केला नाही.

हवालदार गेल्यावर ऑपरेटरनं खुणेनं कागद मागितला. मला वाटलं, शिव्या लिहील. त्यानं लिहिलं: *तो पंप कुणी बघितला का?*

कुणीच बघितला नव्हता. मारामारी, पोलीस, माझी धावपळ, यात ती खोली तशीच राहिली होती. मी जिन्यातूनच ऑफिसला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता केंद्रात पोचले. पाळीचा इन्चार्ज आडवा आला, "परवानगी नाही" म्हणून त्यानं माझं मनगट पिरगाळलं. मी ते हिसडून सोडवलं आणि आत गेले. पंपाची तेलाची काच कोरडी होती. खाली जमिनीवर तेलाचा जुना काळा डाग होता. तो पंप चालू केला असता तर काही मिनिटांत जळून बसला असता, आणि त्याच्या पाठीमागे दुसरं काही नव्हतं.

केंद्र थांबवलं. इन्चार्जला काढलं. दोन महिन्यांनी रहिमतपूरला घरी बसून त्या ऑपरेटरनं चौघांची नावं सांगितली. या वेळी त्याच्याशी बोलायला एकच माणूस गेला, खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि तो माणूस मी नव्हते. ऑपरेटर आता कामावर परत गेलाय. घास अजून एका बाजूनं चावतो. त्याची बायको माझा फोन उचलत नाही.

माझ्या अहवालात मी स्वतःची चूकही घातली. माझ्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "ते कशाला लिहिताय? उगाच अडकाल." मी म्हणाले, लिहिणार. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. पण आबा, ते वाक्य असं आहे: 'बैठकीदरम्यान माहिती देणाऱ्याची ओळख उघड झाली.' उघड झाली. 'मी उघड केली' असं मी तीनदा टाइप केलं आणि तीनदा पुसलं. साहेबांना ते वाक्य चाललं, चौकशीलाही चाललं. कुणाकडून उघड झाली, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. तुम्हाला हे पाठवायला पत्ता नाही. रहिमतपूरचा पत्ता आहे माझ्याकडे, पिनकोडसकट. तिथेही मी हे पाठवणार नाही.