पिंपात चालणारं इंजिन

शिवकन्या,

पिंपातलं पाणी पिऊ नको, भांड्यालाही घेऊ नको. भुजंगच्या नावेचं इंजिन त्यातच चालवून पाह्यलं, वर तेल आलंय. नळ परवा येणार हे ठाऊक होतं, पण हे इंजिन कोरडं चालवलं की जळतं. उषाबाईकडून दोन हंडे मागून ठेवलेत, त्यात भागव.

पिंपात ते बराबर चालतं. ठिणगीच्या टायमिंगची खूण जागेवर, सेन्सर मीच नवा घातलेला. अन् गोदावरीत माणसं भरून धारेला लागलं की गचके खाऊन बंद. काल नाव वाहत जाऊन बेटाला लागली म्हणून सगळे वाचले. भुजंग तुझा भाऊ, पण नुसतं इंजिन दारात ठेवून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ओझं पडल्यावर खूण सरकती का सेन्सर तापून दगा देतो, ते आता धारेतच खुणेवर टायमिंगची बत्ती धरून पाहावं लागंल. डोकं चालंना झालंय, तरी चाललो. नावेत आम्ही दोघंच राहू.

जेवायला थांबू नको.

मला पोहता येत न्हाई हे भुजंगला माहीत न्हाई. कळलं तर तो मला नावेत घेणार न्हाई, म्हणून गप राह्य.

कडूबा