शेजारच्या सीटचं वजन

ता. २

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. तू शिव्या घातल्या असशील, त्या पावल्या. सरांच्या टेबलावर जर्नल आपटून कॉलेज सोडलं त्याला दीड वर्ष झालं, तरी बाबा अजून भिंतीकडे बघूनच माझ्याशी बोलतात. असो. भंगारातून उचललेल्या माझ्या ट्रकचं घोडं आता सस्पेन्शनवर अडलंय. एअर बसवलं तर स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे येतात. बटण दाबलं की ट्रक म्हशीसारखा खाली बसतो, जड सामान अलगद चढतं. कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपवर चढवलेली स्प्रिंग. उंची एकदाच पान्यानं ठरवायची, विषय संपला. ज्यांच्याकडे काम शिकतोय ते उस्ताद म्हणतात, डोंगरातल्या रस्त्याला कॉइलओव्हरच. मी म्हणतो एअर. काल इतका भडकलो की त्यांनी मला गॅरेजबाहेर हाकललं.

डोंगर कशाला, ते तुला ठाऊक आहे. तुझ्या गावी जमीन मोजायला आलेली माझी वर्गमैत्रीण, तुमची मोजणीवाली, वीस तारखेला निघणार ना? यंत्र, तिपाई सगळं तीच उचलते. खांदा दुखतो तिचा. मला तिला आणायला यायचंय. विचार ना. सहज विचारल्यासारखं.

माझ्या अक्षराला हस, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
भडक्या

ता. ८

चि. भडक्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सहज विचारण्यासाठी तिला तीनदा चहाला बोलावलं. तुझे भावजी म्हणाले, आपलीही जमीन मोजायची आहे की काय! तिनं ट्रकचं सगळं नीट ऐकलं. म्हणाली, इथल्या खडीवर फुगे आठवडाभर टिकायचे नाहीत, त्याला म्हणावं स्प्रिंगच घाल. आणायला येण्याचं काढलं, तर कपबशी उचलून आत ठेवायला गेली. परीक्षेचा फॉर्म भरला का त्यानं, एवढं मात्र विचारलं. मी काय सांगणार? राजा, फार पुढचं मनात धरू नकोस. वेळेवर जेवत जा.

लांबून कान उपटणारी,
ताई

ता. २३

ती. ताईस सा. न.

तिनं सांगितलं म्हणून कॉइलओव्हर बसवले. उस्ताद जिंकल्यासारखे हसले. उंची ठरवताना गाडीत रोज बसणाऱ्यांचं वजन सीटवर ठेवतात. किती जण, असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून दोन निघून गेलं. मी स्वतः बसलो, शेजारी पन्नास किलो वाळूचं पोतं ठेवलं. कलंडू नये म्हणून त्याला पट्टाही लावला. अख्खं गॅरेज खिदळलं आणि मला राग आला नाही, बघ.

मग तुझं अठराचं पत्र आलं. ती तीन दिवस आधीच ऑफिसच्या गाडीनं गेली, कुठे ते सांगितलं नाही, आणि त्यानं वाट बघू नये असा निरोप ठेवून गेली. हे मऊ करून लिहायला तू किती कागद फाडलेस, ते कळलं मला. आधी पाना भिरकावला. मग शोधून आणला.

पोतं काढल्यापासून ट्रक तिच्या बाजूनं बोटभर वर राहतो. समोरच्या शिंप्यालासुद्धा दुकानातून दिसतं. उस्ताद म्हणाले, त्या बाजूच्या स्प्रिंगचे चार आटे सैल कर, बसेल खाली, अर्ध्या तासाचं काम आहे. मी दुपारभर गाडीखाली पडून होतो. तीन केले.

चौथ्याला हात लावला नाही. उस्तादांनी वाकून पाहिलं. जॅक तेवढा काढून घेतला.

भावजींना नमस्कार. तू मात्र लिहीत राहा.

तुझाच,
भडक्या