आडव्या ओळी

मास्तर, माझ्या कोटाच्या वरच्या गुंडीनं असहकार पुकारला आहे. सरकारला जो त्रास देशभर, तो मला गळ्यापाशी. सकाळभर वाटाघाटी करून शेवटी बायकोपुढं मान वर करून उभा राहिलो. ती म्हणाली, "लेखणीनं साऱ्या तालुक्याच्या टोप्या उडवता, न् एक गुंडी लावता येईना व्हय?"

येत नाही, मास्तर. कोपरांवरचे पांढरे खवले कित्येक वर्षं बाहीत लपवले. मग नखांवर शिंप्याच्या बोटातल्या टोपणासारखे खळगे पडले, आणि आता बोटं रताळ्यांसारखी सुजून आखडली आहेत. सकाळी मूठ उघडावी म्हणून चहाचा गरम पेला धरून बसतो. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, कातडीचं आणि सांध्यांचं दुखणं एकच; स्पर्शानं लागत नाही, आणि जातही नाही. लागत नाही, एवढं तरी तुमच्या वेळी इंदापुरात कुणी ओरडून सांगितलं असतं तर!

तेव्हा गावानं तुमच्या अशाच हातांना महारोग झाल्याचं ठरवून टाकलं होतं. पोरांच्या आया पाटीवर पाणी शिंपडून मगच ती घरात घेत. तुम्ही मोडी गिरवून घ्यायचात: आधी पानभर आडवी ओळ, मग तिला लोंबणारी अक्षरं. एके दिवशी ओळ सरळ गेली, अक्षरं मात्र बोटांतून उतरेनात. बोरू गळून पडला. वर्ग हसला, आणि तुम्ही नेमके मला म्हणालात, "दात काय काढतोस, लेका? ओळ मी मारली हाय. अक्षरं तू टांग." मग बोरू कापायचा चाकू जमिनीवरून माझ्याकडं सरकवलात. हातात दिला नाहीत. "आता तू कापायचे. तुला जमंना झालं की दुसऱ्याला दे. गंजू दिऊ नगं."

माझं पोट आणि माझी मस्ती, दोन्ही या तीन बोटांत होती. ज्यांची आयुष्यभर खिल्ली उडवली ते आता रस्त्यात थांबून मायेनं विचारतात, "हात कसा हाय, राव?" इतका जिव्हारी घाव माझ्या लेखणीलाही कधी जमला नव्हता. हे बरं होणार नाही. मला ठाऊक आहे.

आज तुमचा चाकू बायकोच्या तळहातावर ठेवला, सरकवला नाही. तिला मोडी मीच शिकवली, म्हणजे तुम्हीच. तिनं बोरू माझ्याहून बरा कापला, आणि तसं बोलूनही दाखवलं. टाकायला तुमचा पत्ता उरला नाही, म्हणून हे पत्र ती घडी घालून फडताळात, चाकूच्या जागी ठेवील. एक कबूल करतो, मास्तर: यातल्या आडव्या ओळी तेवढ्या माझ्या आहेत. त्याही शेवटी वाकड्या गेल्या.