खिडकी बुजवण्याबाबत

मी, सरकारी शाळेतली निवृत्त भाषाशिक्षिका, जिला सगळी गल्ली अर्जबाई म्हणून ओळखते, वय वर्षे एकाहत्तर, बुद्धी शाबूत असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. ते कुणाच्याही दडपणाखाली लिहिलेलं नाही, असं इथे म्हणायची रीत आहे. मला तसं म्हणवत नाही. या घटकेलाही खिडकीच्या जाळीवर टकटक चालू आहे आणि बाहेरून आवाज येतोय, "बाई, दोनच ओळी आहेत हो!"

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. दुसऱ्यांची बरीच लिहून दिली, स्वतःचं लिहायला सवड मिळाली नाही.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि मोरी, माझ्या दिवंगत बहिणीच्या मुलीला, माझ्या भाचीला द्यावं. तिने ते विकावं, भाड्याने द्यावं किंवा कुलूप लावून विसरून जावं. मात्र माझं सगळं आटोपलं की आधी गवंडी बोलवून रस्त्याकडची खिडकी विटांनी बुजवावी. निवृत्त झाल्यापासून या खिडकीशी बसून मी लोकांचे अर्ज, तक्रारी आणि माफीनामे लिहीत आले. घास हातात असतो आणि जाळीतून कागद आत येतो. आजारी पडले तर लोक चौकशीला येतात, येताना कागद घेऊनच येतात. एकदा भावाकडे राहायला गेले, तर एक जण रिक्षा करून तिथे हजर. त्यानंतर मी कुठे गेलेच नाही.

कलम २. व्याकरणाची पुस्तकं शाळेला द्यावीत. सरकारी शाळेत व्याकरण शिकवत नाहीत, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. शिकवतात की! आमची मुलं विभक्तीचे प्रत्यय घडाघडा म्हणत. निबंध आणि अर्जही फळ्यावर तयार मिळत. ते पाठ करायचे, पेपरात उतरवायचे आणि पास व्हायचं. स्वतःच्या मनाने चार ओळी लिहा म्हटलं की तीच मुलं पेन चावत बसत. आमच्याच शाळेतून पहिल्या श्रेणीत पास झालेल्या एका रखवालदाराने रजेसाठी पाठ असलेला अर्ज जसाच्या तसा दिला, 'माझी मुलगी आजारी असल्यामुळे.' गड्याचं लग्नही झालेलं नाही. साहेबांनी मुलीची विचारपूस केली तसा तो घाबरून माझ्याकडे आला. मला वाटलं, आता तरी खरं कारण लिहून मागेल. तर म्हणाला, "बाई, मुलगी बरी झाली असा एक अर्ज द्या ना." मी पोट धरून हसले आणि मग मला रडू आलं.

कलम ३. लाल शाईची पेनं माजी मुख्याध्यापकांना द्यावीत. एकदा पाठांतर बाजूला ठेवून मी मुलांना सांगितलं, आपल्या घराबद्दल जे खरं आहे तेच लिहा. एका मुलीने लिहिलं, 'बाबा घरी नसले की आम्ही मोठ्याने बोलतो.' एवढं चांगलं वाक्य मला अख्ख्या नोकरीत दुसरं मिळालं नाही. मुख्याध्यापकांनी त्यावर लाल रेघ मारली, बापाला बोलावून त्याच्यासमोर ते वाचून दाखवलं आणि मला म्हणाले, "बाई, निकाल लावायचाय की लोकांची घरं मोडायचीत?" त्यानंतर ती मुलगी फळ्यावरचं तेवढं उतरवायची. मला चित्रकलेचे तास मिळाले. हेच गृहस्थ आता पेन्शनच्या तक्रारीसाठी माझ्या खिडकीशी उभे राहतात, आणि मी लिहून देते. मी त्यांना माफ केलेलं नाही, हे पेनं देताना आठवणीने सांगावं.

कलम ४. भिंतीवरचं घड्याळ भावाला द्यावं. बहिणीच्या आजारपणात त्याला वेळ नव्हता.

कलम ५. बँकेतली सगळी शिल्लक भाचीची. परगावच्या छापखान्यात तिला दोनदा नोकरी लागत होती, दोन्ही वेळा ती माझ्यासाठी थांबली. माझे डोळे अधू झाल्यापासून निम्मे अर्ज तीच लिहिते. परवा दूधवाला कुणाला तरी सांगत होता, "बाईंच्या मागे ताई आहेतच की!" ऐकणाऱ्याला हायसं वाटलं आणि मी भाचीला आत बोलावलं.

मी तिला म्हटलं, "तू जा बाई. या लोकांना शाळेत लिहायला शिकवलं नाही, ते काही तुझ्या माथी नाही."

ती म्हणाली, "मावशी, लिहिता येतं गं त्यांना. भीती वाटते. आपलं म्हणणं आपण लिहिलं की कुणीतरी लाल रेघ मारणार, एवढंच ते शिकलेत. असं सोडून कसं जाऊ?"

तिचं बरोबर आहे, म्हणूनच मी धास्तावले आहे. मीही थोडे दिवस म्हणूनच या खिडकीशी बसले होते. माझी पोर इथे अडकू नये. बाकीची कलमं पाळली नाहीत तरी चालेल, हे पाळावं: माझ्यामागे तिने या गल्लीत कुणाचाही अर्ज लिहू नये, समोर कुणी रडलं तरी. आणि छापखान्याने पुन्हा बोलावलं तर मी जिवंत असले तरी निघावं.

कलम ६. साक्षीदार दोघेही माझे विद्यार्थी आहेत. त्यांच्यासाठी मी मजकूर तयार केलेला नाही. इथे जे पाहिलं ते त्यांनी आपापल्या शब्दांत लिहावं आणि खाली सही करावी. मी सांगणार नाही.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली, खिडकी लावून घेऊन.
दिनांक: १४ मार्च, रविवार.
(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला, किराणा दुकानदार:
माननीय महोदय, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती करतो की, मी साक्षीस हजर असून माझी उपस्थिती मान्य करण्यात यावी. आपला आज्ञाधारक विद्यार्थी.
(सही)

साक्षीदार दुसरा, शिंपी:
काय लिहू म्हणून मी ताईंना विचारलं. ताई म्हणाल्या, तुमचं तुम्ही लिहा. मला राग आला. बराच वेळ नुसता बसून होतो. बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही करताना त्या कागदाकडे बघत नव्हत्या, ताईंकडे बघत होत्या. बाईंना ताईंना जाऊ द्यायचं नाही. तरी त्यांनी सही केली.
(सही)