जांभळी रेघ

उद्यमनगर, कोल्हापूर
१० ऑक्टोबर २००४

प्रिय मोहित,

'प्रिय' बघून हुरळून जाऊ नकोस. पत्र असंच सुरू करायचं असतं म्हणून लिहिलंय. मनात जे आलं होतं ते कागदावर घालण्यासारखं नव्हतं. इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघतोयस, तर नीट बसून वाच. ऑफिसचं दार तेवढं लावून घे, कारण मजकूर तुझ्या अब्रूचा आहे.

आधी घरची खबर. गेल्या महिन्यात आबांनी मोरीतल्या नळाचा वायसर स्वतः बदलला. तुला त्यात काय वाटणार म्हणा! पण आठ वर्षं त्या माणसानं पान्याला हात लावला नव्हता. गाडीवाल्यांचे ते भाऊसो. भाऊसोंनी इंजिनाचा डिझेल पंप बांधलाय म्हटलं की आजऱ्यापासून कुरुंदवाडपर्यंतचे गाडीवाले निर्धास्त घाटाला लागायचे, आणि तेच भाऊसो घरातला नळ गळायला लागला तरी मला हाक मारायचे. "माझ्या हाताचा भरवसा न्हाय बाई आता," म्हणायचे. दुकान मी चालवत होते, ते बाहेर स्टुलावर बसून रस्ता बघायचे. जेवायला चला म्हटलं की उठायचे.

ती सत्त्याऐंशीच्या मॉडेलची लॉरी तुला आठवत असेलच, आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तुझ्या वडिलांना, त्र्यंबककाकांना, नवी गाडी घ्यायची नव्हती, आणि तुला चिऱ्याचा लोड घेऊन करूळ घाटात दुसऱ्या तळाच्या हंबीररावांच्या कोऱ्या गाडीला मागं टाकायचं होतं. मग तू आणि आबा महिनाभर त्या इंजिनात डोकं घालून बसलात. टर्बो बसवला, त्याला सोसतील असे पिस्टन घातले, नोझल बदलले, एअर फिल्टर मोठा केला, सायलेन्सरचा पाईप रुंद केला. मी कॉलेज सुटलं की डबा घेऊन तिथंच. आबा तुला सारखं बजावत होते की टर्बो जेवढी हवा देतोय तेवढंच डिझेल सोडायचं. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, नुसतं पिस्टन भाजणं आहे. शेवटी त्यांनी पंप तपासायच्या बेंचवर चढवला, डिझेल किती जायचं ते ठरवणारा स्क्रू लावून नट आवळला, त्यातनं तार ओवली आणि शिशाच्या गोळीवर पकडीनं 'भ' उठवला. त्या 'भ'चा अर्थ एवढाच की इथनं पुढं काही झालं तर जबाबदार मी. आमच्या लाईनीत सगळे असंच मानतात आणि तूही मानत होतास.

लॉरी घाट चढली झकास, पण हंबीरराव पुढंच राहिले. तेवढं तुला पचलं नाही. पुढच्याच खेपेला वरच्या वळणावर पिस्टनला भोक पडलं आणि गाडी ओढत आणावी लागली. तुमच्या गाडीतळावर सगळे जमलेले, काका, ड्रायव्हर लोक, उद्यमनगरातले झाडून सगळे मिस्त्री. तिथं तू म्हणालास, "इंजिन भाऊसोनं खाल्लं." आबांनी हात जोडले की पंप एकदा बेंचवर बघू दे. तर तू काय म्हणालास? "बघायचं काय त्यात? सील तर तुमचंच हाय की." त्याच आठवड्यात इंजिन, पंप, सगळं भंगारात गेलं. आपलं लग्न ठरत आलं होतं. काकांच्या मनात आमच्या जातीवरनं आधीच अढी होती, त्यांना आयतं निमित्त मिळालं आणि तू गप्प राहिलास. मी रडले का? रडले की. पण तुझ्यापायी थोडं आणि आबांपायी फार. लोक बोलले ते एकवेळ सोसलं असतं. आबांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं, हे मला सोसलं नाही.

यंदा गणपतीच्या आधी नेसरीचे ज्ञानू दुकानात आले, खांद्यावर पोतं. जुन्या लॉरीला टर्बो बसवायचाय, भंगारातनं घेतलेला एक पंप शेडात पडून आहे, त्याचं डिझेल तेवढं वाढवून द्या म्हणाले. पोत्यातनं पंप काढला तर तारेला 'भ'. नंबर बघितला, तुमच्याच लॉरीचा. बेंचवर ठेवून उलटा केला आणि दिवा जवळ ओढला.

आता नीट ऐक. तू मला महाद्वार रोडवरनं जांभळी नेलपॉलिश आणली होतीस. बाटली बघून आबांनी तोंड वाकडं केलं, आणि दोन दिवसांनी ती त्यांच्याच हत्यारांच्या पेटीत सापडली. डिझेलनं जात न्हाय, म्हणाले. नट आवळून झाला की पंपाच्या खालच्या अंगाला, नटावरनं पंपाच्या अंगावर एक रेघ ओढायचे, आपल्या मनाला खात्री म्हणून. तुला सील माहीत होतं. सीलची पकड कुठल्या खिळ्याला असते माहीत होतं. होणारा जावई म्हणून दुकानाची किल्ली तुझ्या खिशात असायची. रेघ तेवढी माहीत नव्हती. पंप बेंचवर काढला असतास तर दिसली असती, पण तू आळशी, गाडीवरच वाकून डिझेल वाढवायला स्क्रू फिरवलास आणि आबांच्याच पकडीनं परत 'भ' मारलास. आज त्या रेघेचे दोन तुकडे आहेत, नटावरचा एकीकडं आणि अंगावरचा दुसरीकडं. तुझ्या हातची भेट तुझ्यावरच उलटली, आणि खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

पंप आबांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, पंप उलटा केला, अंगठ्याचं नख त्या रेघेवरनं फिरवलं. "रेघ सरकलीया," म्हणाले. मग पंप सरळ करून ठेवत, "बापाला भ्यालं असंल पोरगं." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोरीतला तो नळ खोलला. त्यांनी तुला माफ केलंय, मोहित. मी केलेलं नाही आणि करणारही नाही.

आता पत्राचं कारण. तुझा मॅनेजर सहा जुन्या गाड्यांचे पंप आमच्याकडं टाकून गेलाय. गाड्यांना टर्बो बसवणार, साखर कारखाने सुरू व्हायच्या आत पाहिजेत, आणि वर तुझा निरोप की जुनं विसरून जाऊ. तू विसरशील रे, तुझं गेलंय काय? पंप तयार आहेत. सहाही आबांनी बांधलेत, वर 'भ' आहे आणि खाली रेघ आहे, रंग कुठला ते सांगणार नाही. पण तू खरं बोलल्याशिवाय ते माझ्या मांडणीवरनं हलणार नाहीत. मजुरी नको. गाड्या उभ्या राहिल्या तर राहू देत, ऊस ओढायला हंबीरराव आहेत. खंडेनवमीला तुझ्या तळावर गाड्यांची पूजा असते, सगळे मिस्त्री पेढे खायला येतात. आमच्यात पूजा नसते, हत्यारं पुसून मांडायची एवढीच आबांची रीत. ती झाली की आम्ही दोघं ज्ञानूंचा पंप घेऊन येतोय. आबा नको म्हणतायत, मी त्यांच्या सदऱ्याला इस्त्री करून ठेवलीय. पंप उलटा करून मी काकांच्या हातात देईन, आणि बोलायचं तू, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. शब्द शोधत बसू नकोस. त्या दिवशीचंच वाक्य घे, नाव तेवढं बदल.

भाऊसोंचीच,
संघप्रिया